सुरू होता होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होणारा संगणक : दोष शोधावा कसा

बटण दाबावे, पंखे फिरू लागावेत, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटावे आणि आता काम सुरू करता येईल असे वाटत असतानाच पडदा काळा होऊन सारे पहिल्यापासून सुरू व्हावे, असे एकदा घडले तर आपण दुर्लक्ष करतो. पाच-सहा वेळा घडले की बहुतेक जण विंडोज नव्याने टाकायच्या तयारीला लागतात आणि त्या घाईत जे नुकसान होते ते पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा मोठे ठरते. रीस्टार्ट हे केवळ लक्षण आहे. त्यामागे थकलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), सैल बसलेली रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी), तापलेला प्रोसेसर, अडकलेले बटण, निकामी होत आलेली डिस्क, चुकीचा ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा अर्धवट बसलेले अपडेट यांपैकी काहीही असू शकते, आणि यांतल्या निम्म्याहून अधिक कारणांवर विंडोज पुन्हा टाकण्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

आधी घड्याळ, मग स्क्रू ड्रायव्हर

कशालाही हात लावण्यापूर्वी कागद-पेन घेऊन बसावे, संगणक तीन-चार वेळा आपोआप रीस्टार्ट होऊ द्यावा आणि दर वेळी तो बटण दाबल्यापासून कितव्या सेकंदाला आणि पडद्यावर काय दिसत असताना बंद पडला ते लिहून ठेवावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण पुढचा सगळा तपास या नोंदीवर उभा राहतो. पडद्यावर काहीही उमटण्याआधीच यंत्र बंद पडत असेल, तर विंडोजचा त्यात हात असणे शक्य नाही, कारण तोपर्यंत डिस्कवरून विंडोजचे एक अक्षरही वाचले गेलेले नसते. कंपनीचे चिन्ह येऊन त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागल्यावर बंद पडत असेल, तर संशय ड्रायव्हर, अपडेट आणि डिस्कवर जातो. अर्थात रॅम तेव्हाही निर्दोष ठरत नाही. डेस्कटॉप दिसल्यानंतर काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर उष्णता, वीजपुरवठा किंवा आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्रॅम यांकडे पाहावे. दर वेळी अगदी त्याच क्षणी बंद पडणे आणि कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या सेकंदाला बंद पडणे यांतही फरक आहे. पहिला प्रकार बहुधा सॉफ्टवेअरचा किंवा बटणाचा असतो, दुसरा बहुधा विजेचा, रॅमचा किंवा उष्णतेचा.

यानंतरची चाचणी फुकट आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी आहे. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये, शिरावे (काही यंत्रांत एफ१० किंवा एस्केप लागते) आणि तिथे काहीही न बदलता संगणक वीस मिनिटे तसाच ठेवून द्यावा. तेवढ्या वेळात तो तिथेच रीस्टार्ट झाला तर विंडोज आणि डिस्क दोन्ही संशयातून सुटतात आणि कॅबिनेट उघडायला हरकत नाही. शांत राहिला तर विंडोजवरचा संशय बळावतो. मात्र बायोसमध्ये प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर फारसा ताण पडत नसल्याने या चाचणीतून पार पडलेले हार्डवेअर पूर्ण निर्दोष समजू नये.

एक अपवाद इथेच सांगून ठेवतो. रॅम नुकतीच बदलली असेल किंवा बायोस अद्ययावत केले असेल, तर अलीकडचे मदरबोर्ड (सारे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), विशेषतः डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचे, पहिल्या वेळी रॅमची जुळणी करताना स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू होतात आणि काही मिनिटे पडदा काळाच राहतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी घाबरून मध्येच वीज तोडली की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे हात आवरून बसावे.

झाकण न उघडता

कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून बाकी सारे काढून ठेवावे: प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, हेडफोन, सगळे. यूएसबीच्या खाचांत टॉर्च मारून पाहावे, कारण आतली एखादी पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला किंवा धातूच्या कडेला टेकली तरी मदरबोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊ शकतो. नंतर एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही वगळून संगणकाची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावी. यूपीएसची बॅटरी उतरत आली असेल, तर सुरू होतानाचा भार तिला पेलत नाही आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, बॅटरी बाहेर निघत असल्यास तीही काढून, पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे आणि मग फक्त चार्जरवर सुरू करून पाहावे.

आता बटण. माझ्या स्वतःच्या संगणकाने मला तीन संध्याकाळी राबवले होते: रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने टाकून झाले, आणि तरीही यंत्र अधूनमधून चार-पाच सेकंदांत बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी लक्षात आले की दर वेळी तोच चौथा-पाचवा सेकंद आहे, आणि पॉवरचे बटण दाबून धरल्यावर संगणक जबरदस्तीने बंद व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. कॅबिनेटच्या दर्शनी भागातले ते प्लॅस्टिकचे बटण चिकट धुळीमुळे दाबलेल्या अवस्थेत अडकत होते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने कोणीतरी बटण धरूनच बसले होते. याची खात्री करायला मात्र झाकण उघडावे लागते, म्हणून पुढच्या भागातली खबरदारी आधी वाचावी. मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांवर ‘पॉवर स्विच’ आणि ‘रीसेट स्विच’ अशा दोन वायरी येतात. त्या दोन्ही काढून पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की संगणक सुरू होतो, आणि तो तसा सुरळीत चालला तर दोष बटणाचाच. पिना नेमक्या कोणत्या हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच हे करावे. अंदाजाने भलत्या पिना जोडू नयेत.

झाकण उघडल्यावर

वीज बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून मगच पुढे जावे. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वायर काढल्यानंतरही धोकादायक दाबाची वीज धरून ठेवू शकतात.

पहिला मान रॅमचा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण सुकू द्यावेत. खोडरबराने घासायची पद्धत फार प्रचलित आहे आणि कामही करते, पण त्याचा चुरा खाचेत पडला तर नवाच दोष निर्माण होतो, म्हणून अल्कोहोल बरे. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा आणि खिट्टी ‘टक्’ करून बसल्याचा आवाज ऐकावा. काही बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते आणि दुसरी बाजू बसल्यासारखी दिसूनही अर्धा मिलिमीटर वर राहिलेली असते. ते बाजूने डोळा लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून पाहावी. चार खाचांच्या बोर्डावर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावायची असते. एका पट्टीवर संगणक चालतो आणि दुसरीवर नाही, असे दिसले तर तीच दुसरी पट्टी वेगळ्या खाचेतही लावून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा हे ठरेल. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो या नावाने रॅमचा वेग वाढवलेला असल्यास तो काढून मूळ वेगावर यावे, कारण दोन वर्षे मुकाट चाललेली वाढीव गतीही पुढे अस्थिर होऊ शकते. पक्की तपासणी हवी असेल तर मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक निघाली तरी ती गंभीर मानावी. चालण्यापुरती बरी रॅम असा प्रकार नसतो.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो आहे का, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत धुळीचा गादीसारखा थर बसला आहे का, आणि मुख्य म्हणजे कूलर प्रोसेसरला नीट टेकला आहे का, हे पाहावे. काही कूलर चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतात. त्यांतली एक खुंटी निसटली की कूलर एका बाजूने किंचित उचलला जातो, पंखा मात्र फिरतच राहतो आणि पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसते. ते थंड यंत्रावर मिनिटाभरात भराभर चढत ९० अंशांच्या पुढे गेले तर कूलर काढून, जुनी सुकलेली पेस्ट पुसून, मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवून तो पुन्हा बसवावा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग खराब होते.

एसएमपीएसचा दोष ओळखायला सर्वांत अवघड, कारण तो पूर्ण बंद पडत नाही. ताण पडला की डळमळतो. दाब स्थिर असल्याचा ‘पॉवर गुड’ नावाचा एक संकेत एसएमपीएस मदरबोर्डला देत असतो आणि तो संकेत क्षणभर जरी गेला तरी मदरबोर्ड रीसेट होतो. १२ व्होल्टच्या वाहिनीवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ एवढी पाच टक्क्यांची मुभा एटीएक्स या डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकात रूढ आहे. बायोसमधले आकडे ढोबळ असतात, पण १२ च्या जागी ११ दिसत असेल तर त्याकडे काणाडोळा करू नये. मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा, हे दोन्ही कनेक्टर काढून घट्ट बसवावेत. जुन्या बोर्डावर नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला दिसला तर बोर्डाचे आयुष्य सरत आले असे समजावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल आणि मदरबोर्डवर मॉनिटरची स्वतंत्र जोडणी चालत असेल, तर कार्ड काढून संगणक सुरू करावा. तो सुरू झाला तर दोष कार्डाचा असेल किंवा त्याचा भार न पेलणाऱ्या एसएमपीएसचा. दोन्हींतला निवाडा परिचिताचा चांगला एसएमपीएस तासभर उसना लावून पाहिल्यानेच होतो. यावर दुसरा खात्रीचा घरगुती उपाय मला तरी माहीत नाही.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल हा यातला गमतीदार खेळाडू आहे. त्याचा दाब ३ व्होल्टच्या बराच खाली उतरला की वीज तोडताच घड्याळ मागे जाते आणि बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय, आयडीई किंवा रेड यांपैकी जी होती ती बदलली की विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येत नाही आणि ठिपके फिरता फिरता संगणक रीस्टार्ट होतो. बाहेरून हा विंडोजचा बिघाड वाटतो, प्रत्यक्षात तो एका सेलचा असतो. सेल बदलण्यापूर्वी किंवा बायोस मूळपदावर आणण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप आहे का हे तपासून ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलेल्या अनेक यंत्रांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते आणि तशी की त्या खात्यावर दुसऱ्या उपकरणातून पाहता येते.

दोष विंडोजमध्ये असेल तर

गंभीर चूक घडली की विंडोज निळा पडदा दाखवते आणि लगेच स्वतःच रीस्टार्ट होते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे. तो एवढा थोडा वेळ टिकतो की डोळ्याला नुसती चमक दिसते. मोबाइलने स्लो मोशनमध्ये चित्रण करून ते थांबवत थांबवत पाहिले तर पडद्याच्या खालच्या बाजूला छापलेला स्टॉप कोड, म्हणजे चुकीचे नाव, वाचता येतो; ही युक्ती साधी आहे आणि अनेकदा पुरेशी ठरते. दुसरा मार्ग म्हणजे आपोआप रीस्टार्ट होणेच बंद करणे. विंडोज ७ मध्ये सुरुवातीला एफ८ दाबले की ती सोय मिळे. विंडोज १० आणि ११ मध्ये ठिपके फिरू लागताच पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’ या क्रमाने जाऊन ९ चा अंक दाबला की चूक पडद्यावर टिकून राहते, आणि ४ दाबला की सेफ मोड सुरू होतो.

कोडचा अर्थ ढोबळमानाने लावावा. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे असेल तर डिस्क, तिची केबल किंवा वर सांगितलेली बायोसची सेटिंग. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर आधी रॅम. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ असेल तर हार्डवेअर, म्हणजे पुन्हा मागच्या भागाकडे. कोडखाली एखाद्या फाइलचे नाव दिसले तर ते सोन्यासारखे जपावे, कारण ती फाइल कोणत्या ड्रायव्हरची हे शोधले की अर्धे काम होते.

सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालते. तिथे संगणक टिकला तर विंडोजचा गाभा शाबूत आहे आणि दोष नंतर चढवलेल्या कशात तरी आहे. गेल्या आठवड्याभरात काय नवे आले ते आठवावे: ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, विंडोज अपडेट. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो, दुरुस्तीच्या पडद्यावरून शेवटचे अपडेट काढता येते आणि सिस्टम रिस्टोअर चालू ठेवलेले असेल तर दोष येण्यापूर्वीच्या तारखेला परतता येते. एक फाइल काय करू शकते याचा दाखला १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, त्यांतले असंख्य याच रीस्टार्टच्या चक्रात अडकले. आणि हाताने करायचा उपाय एवढाच होता की सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसायची. ते बहुतांशी कंपन्यांचे संगणक होते, पण घरच्या यंत्रातही रोग त्याच जातीचा असतो.

सेफ मोडमध्ये असतानाच कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘एसएफसी स्पेस स्लॅश स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. ती विंडोजच्या खराब झालेल्या फाइली बदलते. तिथेच इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल आणि ती पाहून पुष्कळ लोक एसएमपीएस विकत घ्यायला निघतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (स्टॉप कोडचाच आकडा) शून्य असेल तर निळा पडदा नोंदला गेलेला नाही आणि विजेवरचा किंवा हार्डवेअरवरचा संशय वाढतो. शून्याखेरीज काही असेल तर दोषाचा माग त्या आकड्यातून काढावा.

डिस्क आणि आपल्या फाइली

डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ ही आज्ञा डोळे झाकून देऊ नये. डिस्क खरोखर मरणपंथाला लागली असेल तर सगळी डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याच्या त्या ताणानेच ती जायची शक्यता असते. जुन्या हार्ड डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा नियमित आवाज येत असेल, तर एकही दुरुस्ती न करता आधी फाइली बाहेर काढाव्यात. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर लिनक्स या विंडोजसारख्याच मोफत प्रणालीचा एखादा प्रकार पेनड्राइव्हवर तयार करून घ्यावा आणि तो इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवावा. फोटो, कागदपत्रे, हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. बिटलॉकर असल्यास तीच ४८ अंकी की इथेही लागते. यातून आणखी एक गोष्ट कळते. लिनक्सवर तासभर व्हिडिओ पाहत, फाइली उतरवत संगणक एकदाही रीस्टार्ट झाला नाही, तर रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस बहुधा ठीक आहेत आणि उरली ती विंडोज किंवा तिची डिस्क.

एवढे झाल्यावर ‘रीसेट धिस पीसी’ किंवा विंडोज नव्याने टाकणे हा पर्याय खुला आहे. ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी टाकलेले प्रोग्रॅम जातातच, आणि फाइली राहतील यावर विसंबून बॅकअप टाळू नये. नव्याने टाकतानाच संगणक मध्येच रीस्टार्ट होऊ लागला, तर इन्स्टॉलेशनच्या नियोजित रीस्टार्टची गोष्ट वेगळी, पण फाइली उतरत असताना बंद पडणे म्हणजे हार्डवेअरचाच दोष, असे समजून पुन्हा रॅमपासून सुरुवात करावी.

संपूर्ण तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती कागदावर लिहावी. रॅम, सेल आणि ड्रायव्हर एकदम बदलून संगणक बरा झाला तर नेमके काय बरे झाले हे कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तोच दोष परतला की आपण जिथल्या तिथे असतो. बरा झालेला संगणक लगेच बरा म्हणूनही घोषित करू नये. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केलेला संगणक पूर्णपणे बंद होतच नाही, म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून तो बंद करावा, भिंतीवरचे बटणही बंद करावे आणि रात्रभर तसाच ठेवावा. थकलेल्या कपॅसिटरचा आणि एसएमपीएसचा दोष तापलेल्या यंत्रावर लपतो आणि गार यंत्रावर उघडा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरू करून कागदावरच्या पहिल्या ओळीत लिहिलेला सेकंद ओलांडला, आणि पुढचे दोन दिवसही ओलांडत राहिला, की मगच कॅबिनेटच्या झाकणाचे स्क्रू आवळावेत.